मनोनोचा रविवार वाया जात नाही

कुटुंबाला घेऊन पॅसिफिकमध्ये जायचं ठरवणाऱ्यांना हल्ली सगळीकडून एकच सल्ला मिळतो. मोठ्या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये मुक्काम ठोका. पोहण्याचा तलाव आणि सकाळचा बुफे मुलांना पुरेसा आहे. पारंपरिक बेट बघायचंच असेल तर सकाळी होडीने जा, संध्याकाळी परत या. राहायला मात्र जाऊ नका. तिथे करण्यासारखं काही नसतं, रविवारी सगळं बंद असतं, शाकाहारी माणसाचे हाल होतात आणि गावाचे नियम जाचक असतात. असं सांगणारे वाईट हेतूने सांगत नाहीत. पण सल्ला चुकीचा आहे, आणि तो ऐकून कितीतरी घरं इतका पैसा नि इतका प्रवास करून पॅसिफिकच्या उंबरठ्यावरून परत येतात. त्याचा प्रतिवाद एका खऱ्या बेटाच्या आधाराने करायला हवा.

ते बेट मनोनो. सामोआ देशातल्या उपोलू आणि सावाई या दोन मोठ्या बेटांमधल्या सामुद्रधुनीत, पण उपोलूच्याच प्रवाळभिंतीच्या आत ते वसलं आहे. क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस किलोमीटर, वस्ती हजाराच्या आसपास, गावं चार. मोटार नाही, मोटारीचा रस्ता नाही, कुत्री नाहीत. किनाऱ्याच्या कडेने जाणारी पायवाट चारही गावांना जोडते, आणि लहान मुलं बरोबर असली तरी दोन-अडीच तासांत सगळ्या बेटाला फेरी घालून होते. देशाचा फालेओलो विमानतळ उपोलूच्या पश्चिम भागात आहे. तिथून होडीचा धक्का जवळच, आणि धक्क्यावरून मनोनोपर्यंतचं पाणी लहान होडी थोड्या वेळात कापते. म्हणजे दुर्गमतेची जी भीती घातली जाते ती मनोनोच्या बाबतीत तरी खरी नाही. इथे पोहोचायला कठीण जातं ते मुंबई-पुण्याहून सामोआपर्यंत. ते अंतर कापल्यावर शेवटच्या छोट्याशा पाण्यापाशी कच खाणं मला पटत नाही.

आता त्या एका दिवसाच्या सहलीकडे पाहू. सहलीची होडी साधारण सकाळी उशिरा लागते आणि ऊन उतरायच्या आत निघते. पाहुण्याला दिसतं काय? निळं पाणी, नारळ, ‘फाले’ म्हणजे भिंती नसलेली लाकडी खांबांची घरं, चार हसरी मुलं. याला कोणी पारंपरिक गाव पाहणं म्हणत असेल तर म्हणो बापडा. गाव गाव म्हणून वागतं ते पहाटे आणि दिवेलागणीला, आणि या दोन्ही वेळी सहलीचा पाहुणा रिसॉर्टात असतो.

सामोआच्या गावातली दिवेलागण कशी असते? सूर्य बुडायच्या सुमारास शंख फुंकला जातो किंवा घंटा वाजते. पुष्कळ गावांत ही घंटा म्हणजे झाडाला टांगलेलं गॅसचं रिकामं नळकांडं. हा ‘सा’चा इशारा, संध्याकाळच्या प्रार्थनेचा. वाटेवर चालणारा माणूस जवळच्या घरात शिरतो नाहीतर आहे तिथे खाली बसतो. व्हॉलीबॉलचा डाव अर्ध्यावर थांबतो. कंबरेला लावालावा गुंडाळलेले गावचे तरुण वाटेच्या कडेला उभे राहतात आणि कोणी हिंडू नये याकडे लक्ष ठेवतात. मग एका घरातून स्तोत्राचा सूर निघतो, लगेच शेजारच्या घरातून दुसरा, आणि घरांना भिंतीच नसल्यामुळे अख्खं गाव एकदम गाऊ लागल्यासारखं वाटतं. आजी, आजोबा, शाळकरी नातवंडं, सगळी चटईवर मांडी घालून बसलेली असतात. दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा घंटा होते, माणसं उठतात, चुली पेटतात. आपल्या मुलांनी ती पंधरा मिनिटं यजमानांच्या घरात, त्यांच्याच चटईवर गप्प बसून काढली, तर त्यांना त्या देशाबद्दल जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकातून कळणार नाही. पण त्यासाठी रात्री तिथे असावं लागतं.

रविवारची तक्रार सगळ्यांत मोठी, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. पाच दिवसांतला एक दिवस फुकट जातो, असं म्हणतात. रविवारी दुकान उघडं नसतं, होडी मिळेलच याचा भरवसा नसतो, बहुतेक गावांत समुद्रात पोहायलाही मनाई असते. हे सगळं खरं आहे. पण याच दिवशी उजाडायच्या आधी घराघरांच्या मागून धूर उठतो. तो उमूचा धूर. ज्वालामुखीचे काळे दगड लाकडांच्या जाळावर लाल होईपर्यंत तापवतात, जाळ विझला की दगड सारखे करून त्यांवर नीरफणस, कच्ची केळी, सोललेले अळूचे कंद, पानात बांधलेली मासळी असं रचतात आणि वरून केळीच्या पानांचे थरावर थर देऊन वाफ कोंडतात. हे काम तरुण मुलग्यांचं. वाफेत अन्न शिजत असतानाच घर पांढऱ्या कपड्यांत चर्चला निघतं. तिथलं अनेक आवाजांतलं गाणं कानांनी ऐकण्याची गोष्ट आहे. परतल्यावर ‘तोओनाई’, म्हणजे सगळ्या गोतावळ्याचं रविवारचं जेवण. मग झोप, आणि दुपारी उशिरा पुन्हा प्रार्थना. आठवडाभर शेतात, समुद्रावर आणि राजधानी अपियातल्या नोकरीत विखुरलेलं कुटुंब या दिवशी एका छपराखाली येतं. आपल्या कुटुंबाला घेऊन दुसऱ्या कुटुंबांच्या गावी गेलेल्या माणसाने नेमका हाच दिवस वाया गेलेला समजावा, याचं मला दुःख होतं.

सामोआने रविवार किती जपला आहे हे समजायला एक गोष्ट पुरेशी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी व्यापाराचे दिवस जुळावेत म्हणून या देशाने २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. व्यापारासाठी अख्खा शुक्रवार कॅलेंडरमधून काढून टाकणाऱ्या या लोकांनी गावातलं रविवारचं दुकान मात्र उघडलं नाही. पाहुण्यांच्या सोयीसाठी ते त्यांनी उघडावं अशी अपेक्षा धरायचा आपल्याला काय अधिकार?

शाकाहाराच्या भीतीचं उत्तर छोटं आहे. कोकणातल्या स्वयंपाकघरात ज्याला अळू, नीरफणस आणि नारळाचा रस ठाऊक आहे, तो सामोआत परका नाही. तिथला पालुसामी म्हणजे अळूच्या कोवळ्या पानांत घट्ट नारळरस आणि कांदा बांधून दगडांवर वाफवलेली पुरचुंडी. कधी कधी त्यात डब्यातलं मांस घालतात, म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. नीरफणस भाजलेला, कंद उकडलेले, शिवाय पपई, केळी आणि भाजलेल्या कोकोच्या बियांचं काळंभोर पेय. मसाला नसतो हे खरं. ज्याला त्यावाचून घास उतरत नाही त्याने लसणाच्या चटणीची एक पुडी बरोबर न्यावी. पाच दिवस कुणी उपाशी राहत नाही. वाण्याच्या दुकानात मात्र मुख्यतः बिस्किटं, शेवया आणि डबाबंद मासळीच मिळेल. लहान बाळासाठी काही खास लागत असेल तर ते अपियातून घेऊनच होडीत बसायचं.

मुलं कंटाळतील, हा आक्षेप मला मुलांवर अन्याय करणारा वाटतो. मुलं कंटाळतात ती मोठ्यांच्या रांगांत, बसच्या तासातासांच्या प्रवासात. सामोआच्या गावांत किरिकिटी नावाचा खेळ चालतो. इंग्रजांच्या क्रिकेटचंच हे बेटावरचं रूप. बॅट तीन कडांची, लांब, मुठीला काथ्याची दोरी गुंडाळलेली, चेंडू रबराचा, संघात किती जण याला धरबंध नाही, वीस असले तरी चालतात, खेळाडू बाद झाला की क्षेत्ररक्षक नाचतात, गातात. बॅटच्या त्या तीन कडांमुळे चेंडू कुठल्या दिशेला उडेल हे मारणाऱ्यालाही कळत नाही. गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेल्या आपल्या मुलांना यात शिरायला दुभाषा लागणार नाही. शिवाय सामोआत शाळेत इंग्रजी शिकवतात, त्यामुळे बोलण्याचीही फारशी अडचण येत नाही.

नियमांचा जाच होतो म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कुठला नियम? गावातून चालताना खांदे आणि मांड्या झाकलेल्या असाव्यात, घरात चप्पल काढावी, खाली बसल्यावर पाय समोरच्या माणसाकडे ताणू नयेत, बसलेल्यांच्या पुढून जाताना वाकून जावं, चालता चालता खाऊ नये, पोहण्याआधी विचारावं. मराठी घरात वाढलेल्या मुलाला यातलं काय जड जाणार आहे? आणि हे नियम पर्यटकांसाठी केलेले नाहीत. गावाचा कारभार मताईंचा, म्हणजे कुटुंबांनी निवडलेल्या प्रमुखांचा. त्यांची सभा म्हणजे फोनो. फोनोच्या अधिकाराला १९९० च्या कायद्याचाही आधार आहे. नियम मोडला की दंड कुटुंबावर बसतो, आणि तो पुष्कळदा डुकरं किंवा डबाबंद मासळीच्या खोक्यांच्या रूपात भरावा लागतो. पाहुण्याच्या वागण्याला यजमान घर गावापुढे जबाबदार असतं. आपण बिकिनीवर गावातून फिरलो किंवा प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने गाणी लावली, तर मान खाली जाते ती आपल्याला जेवू घालणाऱ्या बाईची.

ही व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. १९९० पर्यंत सामोआत मतदानाचा हक्क जवळजवळ फक्त मताईंना होता, आणि निवडणुकीला उभं राहायचं तर आजही मताई असावं लागतं. पण याच व्यवस्थेच्या बळावर न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्ध ‘माऊ’ चळवळ उभी राहिली. २८ डिसेंबर १९२९ रोजी अपियाच्या रस्त्यावर निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे हे चळवळीचे नेते त्यात गेले, आणि मरतानाही त्यांनी लोकांना शांतता राखायला सांगितलं. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव होत होता तो हाच आठवडा. पुढे १९६२ च्या १ जानेवारीला सामोआ स्वतंत्र झाला, पॅसिफिकच्या बेटांमध्ये सर्वांत आधी. ज्या गावसभांनी हे घडवलं त्यांच्या दारात आपण दोन-चार दिवस गुडघे झाकून वावरलो तर काही बिघडत नाही.

इथवर ज्यांना उत्तर दिलं त्यांच्यापेक्षा एक प्रतिपक्ष अधिक गंभीर आहे, आणि त्याचा मी मनापासून आदर करतो. तो म्हणतो, रिसॉर्ट नको आणि गावही नको. अशा बेटांवर बाहेरच्यांनी जाऊच नये, त्यांना त्यांच्यापुरतं राहू द्यावं. या म्हणण्यामागे इतिहास आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेलं ‘तालुने’ नावाचं जहाज अपियाच्या बंदरात लागलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रोगी होते. न्यूझीलंडच्या प्रशासनाने त्यांना उतरू दिलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत देशातला जवळजवळ प्रत्येक पाचवा माणूस मेला. शेजारच्याच अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे एकही बळी गेला नाही. शंभर वर्षांनी, २०१९ साली, न्यूझीलंडमधूनच गोवर आला. आदल्या वर्षी एका रुग्णालयात लस चुकीच्या द्रवात मिसळल्याने दोन बाळं दगावली होती आणि लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला होता. साथीत ८३ जण गेले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळा व्यवहार थांबवला, आणि ज्या घरात लस न घेतलेलं कोणी असेल त्या घराने दारात लाल कापड बांधायचं ठरलं. लसीकरण पथकं ती लाल कापडं पाहत गावोगाव फिरली.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो, ‘जाऊच नका’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अस्पर्शित बेट ही बाहेरच्यांची कल्पना आहे. न्यूझीलंडमध्ये आज जितके सामोअन राहतात, साधारण तितकेच सामोआत राहतात. जवळपास प्रत्येक घरातला कोणी ना कोणी ऑकलंडला असतो, त्याचा पैसा येतो, त्याच्या पैशातून चर्चला रंग लागतो, भावंडांची फी भरली जाते. कोविडच्या साथीच्या काळात, मार्च २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, सामोआच्या सीमा बंद होत्या, आणि किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी फाले बांधलेल्या कुटुंबांचा हंगामामागून हंगाम कोरडा गेला. ही माणसं पाहुणे नकोत असं म्हणत नाहीत. पाहुणे कसे असावेत याबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. देशातली सुमारे ८० टक्के जमीन परंपरेने कुटुंबांच्या मालकीची आहे आणि राज्यघटनेनुसार ती विकता येत नाही. त्यामुळे गावातल्या फालेत दिलेलं भाडं त्या जमिनीच्या धन्याच्याच हाती पडतं. बेटावर यावं की येऊ नये हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. त्यांनी दार उघडलेलं असताना त्यांच्या वतीने ते लावून घेणारे आपण कोण?

१९१८ आणि २०१९ मधून घ्यायचा धडा वेगळा आहे. मुलांच्या गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचे दोन्ही डोस झालेले हवेत, मोठ्यांनीही आपल्या लशीची खात्री करून घ्यावी, आणि घरात कोणाला ताप, पुरळ किंवा खोकला असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी निघू नये. सहलीची तयारी इथून सुरू व्हावी, हॉटेलच्या छायाचित्रांपासून नव्हे.

बाकीची आखणी अवघड नाही, पण ती बेटाच्या वेळापत्रकाने करावी लागते. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम, म्हणून आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी सोयीची. नाताळची सुट्टी टाळावी. १९९१ चं ‘वॅल’ आणि २०१२ चं ‘इव्हान’ ही दोन्ही मोठी चक्रीवादळं डिसेंबरमध्येच आली. ऑक्टोबरचा दुसरा रविवार साधता आला तर उत्तमच. तो तिथला मुलांचा रविवार असतो: मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये पाठांतर आणि नाटुकली सादर करतात, आणि एरवी थोरांची पंगत आधी उठते ती त्या दिवशी मुलांची उठते.

सिंगापूर किंवा हाँगकाँगहून फिजीतल्या नांदीमार्गे गेलं तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ट्रान्झिट व्हिसाची कटकट वाचते. सामोआत पर्यटकाला आगमनावरच परवाना मिळतो, तरी नियम निघण्याआधी पुन्हा पाहून घ्यावेत. मुक्काम एकाच ठिकाणी करावा. पाच रात्रींत तीन बेटं करणाऱ्याला एकाही घरातल्या माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. समुद्र खवळला तर लहान होडी सुटत नाही, म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र उपोलूवर ठेवावी. किनाऱ्यावर झोपणार असाल तर पहिल्याच संध्याकाळी उंचावर जाणारी वाट मुलांना दाखवून ठेवावी. २००९ च्या २९ सप्टेंबरला आलेल्या त्सुनामीत सामोआत सुमारे दीडशे माणसं गेली, विशेषतः उपोलूच्या दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यावर. मलेरिया तिथे नाही, डेंग्यू आहे, तेव्हा मच्छरदाणीत झोपावं आणि दिवसाही अंगाला औषध लावावं. घरात कोणाला हृदयाचा किंवा दम्याचा मोठा त्रास असेल तर मात्र मी मनोनोचा आग्रह धरणार नाही. मुख्य रुग्णालय अपियात आहे, आणि तिथे पोहोचायला आधी होडी, मग मोटारीने बराच वेळ लागतो.

वाटेत भेटणाऱ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत सुटू नये. काही द्यायचं असेल ते यजमान घराच्या हाती द्यावं, आणि रविवारी चर्चला गेलात तर तिथेही यथाशक्ती द्यावं.

म्हणून कुटुंबांना माझी विनंती आहे: तिकिटं काढताना रविवार चुकवू नका. शनिवारी दुपारपर्यंत मनोनोवर पोहोचाल आणि सोमवारच्या आत निघणार नाही, अशा बेताने तारखा धरा. आणि मुक्काम पक्का करताना यजमानांना पहिला प्रश्न हा विचारा, की रविवारी सकाळी आम्ही तुमच्याबरोबर यावं का, आणि येताना काय घालावं.